पान लागलेल्या रात्री

श्रावणातली रात्र. बाहेर पावसाची झड लागलेली, घरात सगळे जमिनीवर गोधड्या टाकून झोपलेले. पहाटे तीन-साडेतीनला दहा वर्षांचं पोर उठून आईला सांगतं, पोटात दुखतंय. आई ओवा चावायला देते, पोट चोळते. थोड्या वेळानं उलटी होते. मग पोर म्हणतं, गिळता येत नाही, घशात काहीतरी अडकलंय. उजाडता उजाडता त्याच्या पापण्या खाली यायला लागतात. घरच्यांना वाटतं, रात्रभर जागलंय, आता डोळा लागतोय. अंगावर जखम नाही, सूज नाही, रक्ताचा थेंब नाही. साप तर कुणी पाहिलेलाच नाही.

ही मण्यार. निळसर काळी, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे, आणि दिवसा इतकी मवाळ की लोक तिला निरुपद्रवी समजतात. रात्री ती उंदरांच्या, पालींच्या, दुसऱ्या सापांच्या मागावर घरात शिरते. झोपलेल्या माणसाचा हात किंवा कूस तिच्यावर पडली की चावते. तिचे दात इतके बारीक असतात की मुंगी किंवा डास चावल्यासारखं वाटतं. पुष्कळदा माणूस जागाही होत नाही. म्हणून आपल्याकडच्या खेडोपाडीच्या डॉक्टरांनी एक खूणगाठ बांधून ठेवली आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे एकाएकी पोट दुखू लागलं आणि पापण्या मिटू लागल्या, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मण्यार चावली असंच समजायचं. ही एक गोष्ट घराघरात माहीत झाली, तरी दर पावसाळ्यात किती तरी मुलं वाचतील.

भारतात साप चावून किती माणसं मरतात, याचं उत्तर बराच काळ आपल्याला नीट ठाऊक नव्हतं. केंद्र सरकारच्या 2016 ते 2020 या वर्षांच्या आरोग्य-नोंदींनुसार वर्षाला सरासरी 3 लाख सर्पदंश आणि 2,000च्या आसपास मृत्यू. पण प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’त प्रशिक्षित माणसं देशभरातल्या निवडक वस्त्यांत घरोघर गेली. घरात कोण वारलं, कसं वारलं, शेवटच्या दिवसांत काय काय झालं, हे त्यांनी घरच्यांकडून विचारून घेतलं आणि त्यावरून डॉक्टरांनी मृत्यूचं कारण ठरवलं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विश्लेषणाचा आकडा होता 2000 ते 2019 या काळात सुमारे 12 लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000.

2,000 आणि 58,000. या दोन आकड्यांमध्ये जी माणसं आहेत ती दवाखान्याच्या नोंदवहीपर्यंत पोहोचलीच नाहीत. ती शेताच्या बांधावर, घरात, जीपमध्ये किंवा देवळाच्या पायरीवर गेली. निम्म्याच्या आसपास मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि चौथ्या हिश्शाहून थोडे जास्त पंधरा वर्षांखालच्या मुलांचे. बाकीचे बहुतेक कमावत्या वयाचे, ज्यांच्या जाण्यानं घराचा कर्ताच जातो. हा विषय मला छळतो तो इथे: ज्या आजारावर सव्वाशे वर्षांपासून औषध आहे, त्यानं मरणाऱ्यांची धड मोजदादही आपण केली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला उपेक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या अग्रक्रमाच्या यादीत घातलं ते 2017 साली.

आपल्या खेड्यांत रात्री सापाचं नाव घेत नाहीत. ‘जनावर’ म्हणतात, ‘लांबडं’ म्हणतात. साप चावला असंही म्हणत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. या शब्दांतलं भय खरं आहे, त्याला हसण्यासारखं काही नाही. पण त्याच भयापोटी पान लागलेल्या माणसाला आधी मारुतीच्या देवळात नेतात, लिंबाचा पाला चावायला देतात आणि कडू लागतो का विचारतात, देवऋषाला बोलावतात. देवऋषी मंत्र टाकतो, पाणी मारतो, आणि अनेकदा माणूस खरोखर उठून घरी जातो. इथेच सगळी गोम आहे.

आपल्या आसपासचे बहुतेक साप बिनविषारी. धामण, दिवड, कवड्या, तस्कर चावले तर जखम धुतली की भागतं. शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. कोरडा दंश ही नेहमीची गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे 54 लाख लोकांना साप चावतो आणि विषबाधा होते ती 18 ते 27 लाखांना. म्हणजे चावलेल्या माणसांपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त काहीही न करता बरी होणार असतात. देवऋषाला जे यश मिळतं ते या निम्म्यांचं. तो बहुधा फसवत नसतो, त्याचा स्वतःचाही विश्वास असतो, कारण त्यानं डोळ्यांनी माणसं उठून बसलेली पाहिलेली असतात. जी उठली नाहीत त्यांच्याबद्दल ‘आणायला उशीर झाला’ असं म्हटलं जातं, आणि उशीर झालेला असतोच, फक्त दुसऱ्या दाराशी पोहोचायला.

महाराष्ट्रात माणसं मारणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यांतल्या पहिल्या दोघांचं विष नसांवर चालतं. मेंदूचा हुकूम नसेतून येतो आणि जिथे नस स्नायूला भेटते तिथे एका रसायनाच्या रूपानं पलीकडे उडी मारतो. नागाचं विष स्नायूच्या बाजूचं कुलूप अडवून बसतं. हुकूम येतो, पण दार उघडत नाही. हे अडवणं बऱ्याच अंशी सुटण्यासारखं असतं; प्रतिविषासोबत निओस्टिग्मिन आणि अॅट्रोपिन दिलं की मिटलेल्या पापण्या कधी कधी अर्ध्या तासात उघडताना दिसतात. मण्यारीचं विष नसेचं टोकच मोडून टाकतं. एकदा ते मोडलं की प्रतिविष कितीही ओतलं तरी लगेच जुळत नाही, ते टोक नव्यानं उगवावं लागतं. त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. तोवर छातीचे स्नायूही पडलेले असतात, म्हणून श्वास यंत्रानं द्यावा लागतो.

घोणस आणि फुरसं रक्तावर चालतात. घोणशीच्या विषातले घटक रक्त गोठवणारी साखळी एकदम पेटवून देतात. रक्तात जागोजागी बारीक गुठळ्या होऊ लागतात आणि गोठवण्याचा सगळा माल काही तासांत संपतो. मग उरतं ते न गोठणारं रक्त. हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं, सुईच्या टोचणीतून थांबत नाही. घोणशीचा दुसरा घाव मूत्रपिंडांवर. लघवी कमी होत जाते, चेहरा सुजतो आणि डायलिसिसची वेळ येते. घोणस चावल्यावर वाचलेल्या कित्येक शेतकऱ्यांचा हातपाय किंवा मूत्रपिंड कायमचं अधू होतं, आणि ते मृत्यूच्या आकड्यात कुठेच दिसत नाहीत. ती जाड, आळशी, पाचोळ्यात दिसेनाशी होणारी. पाठीवर रुद्राक्षाच्या माळेसारखे ठिपके, आणि कुकरच्या शिट्टीसारखा लांब फूत्कार. डुरक्या घोणस आणि अजगराचं पिल्लू तिच्यासारखीच दिसतात. लोक अजगराचं पिल्लू समजून घोणस हातात धरतात ते त्यामुळेच.

फुरशाचं खरं राज्य कोकणात. वीतभर-हातभर लांबीचा हा साप जांभ्या दगडाच्या सड्यांवर, गडग्यांच्या फटींत, आंब्याच्या बागेतल्या पाचोळ्यात असतो. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रज सरकारनं त्याच्यावर इनाम लावलं होतं आणि लाखाच्या हिशेबानं फुरशी मारून आणली गेली. फुरशी आजही आहेत. याच जातीच्या विषातल्या एका प्रथिनाचा अभ्यास करून हृदयविकारात वापरायचं टिरोफिबान हे औषध घडवलं गेलं, आणि त्यातलाच दुसरा एक घटक प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासणीसाठी वापरतात. देवगडच्या बागेत ज्याला पाहून माणूस दोन पावलं मागे सरतो, त्याच्यापासून कुणाच्या तरी हृदयातली गुठळी रोखणारं औषध निघालं, हे मला फार विलक्षण वाटतं.

आता औषधाकडे. 1891च्या सुमारास आल्बेर काल्मेत हा फ्रेंच डॉक्टर व्हिएतनाममधल्या सायगावला होता. पुरामुळे नाग एका गावात शिरले आणि अनेकांना चावले. त्या घटनेनं त्याला कामाला लावलं आणि 1890च्या दशकाच्या मध्यात प्रतिविष तयार झालं. मूळ पद्धत आजही तीच आहे. घोड्याला विषाची अगदी सूक्ष्म मात्रा टोचायची, महिनोन्‌महिने ती वाढवत न्यायची. घोड्याचं शरीर विषाला बांधून टाकणारी प्रतिपिंडं तयार करतं. मग घोड्याचं थोडं रक्त काढून त्यातून ती वेगळी करायची, शुद्ध करायची आणि सुकवून भुकटी करायची. ही भुकटी फ्रीजविना राहू शकते, म्हणून वीज जाणाऱ्या केंद्रातही टिकते. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेनं या कामात अनेक दशकं घातली आहेत. विष मात्र मुख्यतः तमिळनाडूतून येतं. चेन्नईजवळ इरुळा आदिवासींची सहकारी संस्था 1978 साली रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं उभी राहिली. पूर्वी कातड्यासाठी साप पकडणारे हे लोक आता त्यांना पकडतात, विष काढतात आणि परत सोडून देतात. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात कुणाला सलाईनमधून प्रतिविष चढतं तेव्हा त्यामागे हे हात असतात.

आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर एकत्रच चालतं, त्यामुळे कोणता साप चावला हे कळण्याची वाट पाहावी लागत नाही. साप मारून डबीत घालून आणण्याची तर मुळीच गरज नाही. त्यात दुसऱ्याला दंश होतो, आणि तोडलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं. डॉक्टर सापाऐवजी माणसाकडे पाहतात. पापण्या पडतायत का, बोलणं जड झालंय का, सूज वर सरकतेय का. आणि एक चाचणी करतात, जिला यंत्र लागत नाही. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय. जिथे लॅब नाही अशा आरोग्य केंद्रात या एका नळीनं किती निर्णय सोपे केले असतील!

विषबाधेची लक्षणं दिसली की प्रतिविषाच्या आठ-दहा कुप्या सुरुवातीलाच द्यायच्या असतात. मूल असलं तरी मात्रा तीच. ऐकून आई-वडील घाबरतात, पण साप वजन पाहून विष सोडत नाही. मुलाच्या अंगात तेवढंच विष गेलेलं असतं, आणि निकामी करायचं आहे ते विष.

मग एवढं सगळं असताना माणसं का दगावतात? वाटेत वेळ जातो हे एक कारण, आणि दुसरं कारण आरोग्य केंद्राच्या आत आहे. प्रतिविष घोड्याच्या रक्तातून येतं, म्हणून काहींना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते: अंगावर गांधी, रक्तदाब घसरणं, श्वास अडकणं. त्यावर अॅड्रेनालिन हा हुकमी उपाय आहे. तरी एकट्या, नव्या डॉक्टरला भीती वाटते. माणूस माझ्या हातात गेला तर बाहेर जमलेला गाव काय करेल? मग तो एक चिठ्ठी लिहून जिल्ह्याला पाठवतो. पहिली कुपी केंद्रातच लागली असती तर वाचलेला माणूस पन्नास-साठ किलोमीटरच्या रस्त्यावर जातो. त्या डॉक्टरला दोष देणं सोपं आहे. त्याला शिकवलेलं नसतं, आणि त्याच्या पाठीशी कुणी उभं नसतं. हे दोन्ही सरकारला करता येण्यासारखं आहे.

ते होऊ शकतं याचे पुरावे आपल्याच मातीत आहेत. महाडच्या परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचू चावलेल्या रुग्णांच्या खाटेशी रात्र रात्र बसून निरीक्षणं लिहिली आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध विंचूदंशावर कसं चालतं ते दाखवलं. त्यांचे शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. शंभरात तीसच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण दोन-चारांवर आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. जुन्नर तालुक्यात नारायणगावला डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण तपासले आणि गावोगावी जाऊन लोकांना समजावलं. कोकणात आणि जुन्नरमध्ये जे झालं ते गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये, पालघरमध्ये का होऊ नये?

दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर काय करायचं, ते थोडकंच आहे. चावलेल्या माणसाला चालू देऊ नका, पळवू नका. स्नायू हलले की विष वेगानं पसरतं. हातापायाला फळीचा नाहीतर काठीचा हलका आधार द्या, मोडलेल्या हाडाला देतो तसा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सूज चढली की तेच फास होतात. दोरी मात्र बांधू नका. घट्ट आवळलेल्या दोरीखाली रक्त तुंबून बोटं काळी पडतात, पाय कापावा लागतो, आणि दवाखान्यात दोरी सोडताच अडकलेलं विष एकदम अंगात उसळतं. ज्यांनी ती अगोदरच बांधली आहे त्यांनी वाटेत न सोडता डॉक्टरांसमोरच सोडावी. ब्लेडनं चिरायचं नाही, तोंडानं चोखायचं नाही; रक्त न गोठणाऱ्या माणसाला चीर देणं म्हणजे दुसरी जखम करणं आहे. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. 108ला फोन करा, आणि गाडी यायला वेळ लागणार असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून निघा. श्वास मंदावला तर तोंडानं श्वास द्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो दिला तर मण्यार चावलेलं पोर वाचू शकतं.

साप चावूच नये म्हणून काय करावं, या प्रश्नाचं उत्तर बरंचसं आरोग्य खात्याच्या बाहेर आहे. शेतीपंपाला वीज पुष्कळदा रात्री येते म्हणून माणूस रात्री बाराला दारं धरायला जातो, अनवाणी किंवा चपलेवर, एका हातात फावडं आणि दुसऱ्यात मोबाइलचा मिणमिणता उजेड. पाणी सुटलं की उंदीर बिळातून बाहेर येतात आणि त्यांच्यामागे साप. दिवसा वीज देणं हे माझ्या लेखी सर्पदंश टाळण्याचं मोठं सरकारी काम आहे. बाकी गमबूट, चांगली बॅटरी, पायाच्या पुढे काठी आपटत चालणं. गोवऱ्या आणि सरपण घरापासून लांब, कारण उंदीर तिथे घर करतात. आणि जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी मच्छरदाणी, जिच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचलेल्या आहेत. डासांसाठी घेतलेली ही जाळी मण्यारीलाही अडवते, हे कितीजणांना माहीत आहे? खाट असेल तर त्याहून बरं, मात्र लोंबणारी गोधडी जमिनीला टेकू द्यायची नाही.

औषधातही उणिवा आहेत. प्रतिविष मुख्यतः दक्षिणेतल्या सापांच्या विषापासून बनतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली दाखवलं की पश्चिम भारतातल्या सिंद मण्यारीचं विष फार जहाल आहे आणि बाजारातलं प्रतिविष त्यापुढे कमकुवत पडतं. सह्याद्रीतल्या चापडा या विषारी सापांवर तर आपल्याकडे वेगळं प्रतिविष नाहीच. म्हणजे महाराष्ट्रातल्या सापांचं विष घेऊन, इथल्या माणसांसाठी प्रतिविष बनवायला हवं, आणि ज्या राज्यात हाफकिन आहे त्या राज्याला ते अवघड नसावं. घोड्याशिवाय बनणाऱ्या प्रतिपिंडांवर आणि संगणकानं आखलेल्या प्रथिनांवर जगात संशोधन जोरात आहे, पण ते आपल्या केंद्राच्या कपाटात यायला वेळ लागेल.

केंद्र सरकारनं मार्च 2024मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. 2030पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, हे त्याचं उद्दिष्ट. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रानं राज्यांना सांगितलं की सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार ठरवा; कर्नाटकानं ते आधीच केलं होतं. नोंद झाली की कुठे किती कुप्या लागतात ते कळतं. शिवाय नोंद घरच्यांच्याही कामाची आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत सर्पदंशानं शेतकरी गेला तर कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात, पण त्यासाठी शवविच्छेदनाचा किंवा निदान डॉक्टरांचा कागद लागतो. रात्रीत अंत्यविधी उरकलेल्या घराकडे तो कागद नसतो.

पुन्हा त्या पोराकडे येऊ. समजा ते वेळेत पोहोचलं आणि व्हेंटिलेटरवर आहे. हात उचलत नाही, डोळे उघडत नाहीत. बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेडानंही हलत नाहीत. नातेवाईक कुजबुजतात, आता काही उरलं नाही, घरी नेऊ या. कधी कधी अशा रुग्णाचा मेंदू मेला असं अनुभवी डॉक्टरांनाही वाटलेलं आहे. पण मण्यारीचं विष मेंदूत शिरत नाही, ते फक्त नसांची टोकं मोडतं. यंत्र काढू नये. तिसऱ्या, पाचव्या, कधी दहाव्या दिवशी आधी पापणी हलते, मग बोट. आणि यातून उठलेल्या रुग्णांनी नंतर सांगितलं आहे की त्यांना त्या सगळ्या दिवसांत आजूबाजूचं बोलणं ऐकू येत होतं. म्हणून खाटेशी बसलेल्या आईनं त्याच्याशी बोलत राहावं. शाळेचं, म्हशीचं, घरी कोण कोण वाट पाहतंय त्याचं.